सोप्यावरचा खोकला

डिचोली तालुक्यातल्या एका गावातून एका तरुण सुनेचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्यातला मजकूर असा. घरात सासू-सासरे, नवरा आणि अडीच वर्षांची मुलगी. सासूबाई गायी पाळतात, दूध सोसायटीला घालतात. मे महिन्याच्या शेवटी अनुदानाच्या योजनेतून दोन गायी आणि एक वासरू परराज्यातून टेम्पोने आणलं. आठवडा व्हायच्या आत एक नवी गाय खोकू लागली, वासराचं नाक वाहू लागलं, अंगात ताप. गुरांच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगून इंजेक्शनं सुरू केली. दोन दिवसांत वासरू उभं राहिलं, म्हणून सासूबाईंनी पुढची इंजेक्शनं नको म्हणून कळवलं. सहाव्या दिवशी ते मेलं. पुढे पंधरवड्याने मुलीला ताप चढला, धाप लागली, चार दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. तिथेही शब्द तोच, न्यूमोनिया. शेजारणीने मुलीच्या लसीकरणाच्या कार्डावर ‘घटसर्प’ वाचलं. गायींना टोचून घ्यायला सांगितलेली लसही ‘घटसर्पाची’च. त्यावरून आजार गोठ्यातूनच घरात आला असं तिने सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. नवरा म्हणतो, चवथीआधी सगळ्या गायी विकून टाकायच्या. सासूबाई तेव्हापासून कोणाशी धड बोलत नाहीत. त्या नातीला ताकद यावी म्हणून रोज सकाळी धारोष्ण दूध देत असत, तेही आता नवऱ्याने बंद केलं आहे. सून विचारते, “मी कोणाच्या बाजूने उभी राहू?” पत्रात मध्येच एक ओळ आहे: “घरात बाकी कोणाला काही नाही, सासऱ्यांचा जुना खोकला सोडला तर. ते खाणीवर होते, रात्री सोप्यावर खोकत असतात, पण ते नेहमीचंच.”

ताई,

मुलगी घरी आली, पेज जेवते, अंगणात कोंबड्यांमागे धावते, असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. मी पत्र शेवटापासून वाचतो ही माझी जुनी सवय. त्यामुळे बाकीचं पत्र जरा स्वस्थ मनाने वाचता आलं.

आधी माझी हद्द सांगतो. मी गुरांचा डॉक्टर. तीस वर्षांहून जास्त काळ गोव्यातल्या गोठ्यांतून फिरलो. मुलीच्या औषधपाण्यात शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचा. पण एका छातीतला जंतू दुसऱ्या छातीत कसा जातो आणि कुठे अडतो, हा प्रश्न गोठा आणि घर यांच्या मधल्या भिंतीचा आहे, आणि त्या भिंतीपाशी माझं आयुष्य गेलं आहे.

शेजारणीचं म्हणणं आधी बघू. तिच्या जागी कोणीही असतं तरी तसंच वाटलं असतं, कारण मराठीत ‘घटसर्प’ हे नाव दोन वेगळ्या आजारांना आहे. मुलांचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. त्याचा जंतू घशात बसतो, करड्या रंगाचा पापुद्रा धरतो आणि विष सोडतो. ते विष रक्तातून हृदयापर्यंत जातं. गुरांचा घटसर्प पाश्चुरेला मल्टोसिडा नावाच्या जंतूपासून होतो. तो पावसाच्या तोंडावर येतो, ताप भडकतो, गळा सुजतो, श्वास घरघरू लागतो, आणि बहुतेक वेळा जनावर दिवस-दोन दिवसांत जातं. म्हशींना तो अधिक झपाट्याने खातो. दोन्ही आजार गळा आवळतात, म्हणून जुन्या लोकांनी दोघांना एकच नाव दिलं असावं. पण त्या दोन जंतूंचं एकमेकांशी नातं नाही. मुलीची लस गायीच्या घटसर्पाला लागू पडत नाही आणि गायीची मुलीच्या. शिवाय तुमच्या वासराला गुरांचा घटसर्प झाला होता असंही मला वाटत नाही. गळ्याच्या सुजेबद्दल तुम्ही अक्षर लिहिलेलं नाही, आणि ते सहा दिवस तगलं.

‘न्यूमोनिया’ हा शब्दही असाच फसवतो. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या सुजून पू-पाण्याने भरल्या की त्या अवस्थेला न्यूमोनिया म्हणतात. त्या कोणी भरल्या हे त्या शब्दात येत नाही. पूर आला एवढंच कोणी सांगितलं, तर तो वाळवंटीला आला की म्हादईला, हे आपण विचारतोच ना? इथेही विचारायला हवं.

वासराचा पूर कुठून आला असेल याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. लांबून टेम्पोने आणलेल्या जनावरांत हा आजार इतका ठरलेला, की आमच्या पुस्तकांत त्याला ‘शिपिंग फीव्हर’ असं नावच आहे. त्याचा मुख्य जंतू मॅनहायमिया हिमोलिटिका. हा बाहेरून हल्ला करायला येत नाही. धडधाकट गायीच्या नाकात आणि घशाच्या मागच्या गाठींत तो मुकाट राहत असतो. श्वासनळीच्या आत चिकट पातळ थर असतो आणि त्याखाली कोट्यवधी सूक्ष्म केस एका लयीत हलत असतात. श्वासाबरोबर आलेली धूळ आणि जंतू ते वर ढकलतात, आणि जनावर ते गिळून टाकतं. आपल्या छातीतही हेच चालतं, रात्रंदिवस, आपल्या नकळत. आता त्या वासराचा प्रवास आठवा. तासन्‌तास उभं, पोटात पाणी नाही, गाडीचा धूर, अनोळखी गुरं, उतरलं ते पावसात. ताणाने शरीराचा पहारा ढिला पडतो. त्यातच सर्दीचा एखादा विषाणू आला की केसांची ती लय मोडते. नाकातला जंतू भराभर वाढतो आणि श्वासाबरोबर खाली उतरतो. तिथे तो एक विष सोडतो, आणि त्याला अडवायला धावलेल्या पांढऱ्या पेशी त्या विषाने फुटतात. त्या फुटल्या की त्यांच्या पोटातली दाहक द्रव्यं बाहेर सांडतात आणि फुफ्फुसाचं खरं नुकसान पुष्कळदा त्यांनीच होतं.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ते विष रवंथ करणाऱ्या जनावरांच्याच पांढऱ्या पेशींना धरतं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पेशींवर त्याला पकडायला जागा असते. माणसाच्या पेशीवर ती नसते. म्हणून शेकडो न्यूमोनियाची गुरं हाताळूनही मला तो न्यूमोनिया कधी झाला नाही. मी काळजी घेत होतो असं सांगावं असं फार वाटतं, पण कारण ते नव्हे.

मुलीचं निराळं. लहान मुलांच्या न्यूमोनियात बहुधा न्यूमोकोकस नावाचा जंतू, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी, किंवा आरएसव्हीसारखे विषाणू असतात. न्यूमोकोकसचं घर माणसाचं नाक, त्यातही लहान मुलांचं. अंगणवाडीत, लग्नात, मामाच्या घरी मुलं एकमेकांना तो देत असतात आणि बहुतेकांना त्याचं काही होत नाही. त्याच्या अंगावर साखरेचं जाड आवरण असतं. त्यामुळे पांढऱ्या पेशींच्या हातून तो निसटतो. या आवरणाचे शंभराहून जास्त प्रकार माहीत आहेत, आणि लसीत त्यातले सर्वांत उपद्रवी निवडून घातलेले असतात. म्हणून शेजारणीने पाहिलं ते कार्ड तुम्ही पुन्हा हातात घ्या, आणि त्यावर ‘पीसीव्ही’चे, म्हणजे न्यूमोकोकसच्या लसीचे, तीन डोस लागलेत का ते बघा: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. २०२१ पासून ही लस देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते. हिमोफिलसची आणि मुलांच्या घटसर्पाची लस पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीत येते. एखादा डोस राहिला असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन विचारा; उशीर झाला म्हणून संकोचू नका.

इस्पितळाच्या कागदावर जंतूचं नाव कदाचित नसेल. मुलांच्या बाबतीत पुष्कळदा ते हाती लागतच नाही आणि उपचार अंदाजावरच करावे लागतात. त्यामुळे मी छातीठोकपणे काही सांगत नाही. पण वासराचा न्यूमोनिया मुलीला झाला, याची शक्यता मला फार म्हणजे फारच कमी दिसते.

मग दोघं एकाच महिन्यात कशी आजारी पडली? तुम्ही घराचं जे वर्णन केलंत ते मी दोनदा वाचलं. गोठा घराला लागून. मधल्या भिंतीला झरोका. पावसाची झड आत येते म्हणून गोठ्याच्या तिन्ही बाजूंना ताडपत्री. डासांसाठी संध्याकाळी धुरी. न्हाणीत पाणी तापवायला चूल. आणि सोप्यावर विडी ओढणारे सासरे. धुराने श्वासनळीतले ते केस थकतात. शेण-मुताचा जो झणका येतो तो अमोनियाचा, त्यानेही तेच होतं. जून-जुलैत आपण दारं-खिडक्या लावून घेतो, माणसंही आणि गुरंही, आणि सगळे एकमेकांनी सोडलेली हवा घेत बसतो. वासराने मुलीला काही दिलं नसेल. पण दोघांची छाती एकाच कोंदट हवेत कमजोर झाली असेल, हे मला पटतं. आणि त्यावर गायी विकणं हा इलाज नाही. गायी गेल्या तरी चूल, विडी आणि बंद खिडक्या तिथेच राहतील.

तुमच्या यजमानांची भीती मात्र मी पोकळ म्हणणार नाही. जनावरांचे काही जंतू माणसाच्या छातीत खरोखरच येतात, आणि सावध बाप त्याला घाबरला तर त्यात चूक नाही. क्यू फीव्हर हा त्यातला एक. विताना बाहेर पडलेल्या पाण्यात आणि वारेत त्याचे जंतू प्रचंड संख्येने असू शकतात, वाळून धुळीत मिसळतात आणि श्वासातून आत जातात. म्हणून गाय विते त्या वेळी मुलीला जवळ नेऊ नका, आणि वार उचलताना सासूबाईंना हातमोजे आणि नाका-तोंडावर फडकं बांधायला सांगा. वार खोल पुरा. कुत्र्यांना ओढू देऊ नका. गाय गाभडली असेल तर त्याहून जास्त काळजी, कारण तिथे ब्रुसेला नावाचा जंतूही असू शकतो. त्याचा मुक्काम छातीत नसतो, पण महिनोन्‌महिने ताप देऊन तो माणसाला झिजवतो.

कुठला जंतू किती दूर जाऊ शकतो हे ज्याचं त्याचं वेगळं असतं. बोर्डेटेला घराण्यातले दोन सख्खे भाऊ घ्या. एकाने मुलांना डांग्या खोकला होतो आणि तो माणसाखेरीज कोणात राहतच नाही. दुसऱ्याने कुत्र्याला कोरडा ठसका लागतो, डुकराचं नाक झिजतं, आणि क्वचित प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसालाही तो गाठतो. इतक्या जवळच्या भावांत एवढा फरक. म्हणून ‘जनावराचा आजार माणसाला होतो का’ याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. प्रत्येक वेळी कोणता जंतू, असं विचारावं लागतं.

धारोष्ण दुधाच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे. सासूबाईंची माया मला कळते. माझ्या आजीनेही मला गोठ्यातच पेला भरून दिलेला आहे, वर फेस तसाच. पण गायींचा क्षय दुधातून मुलांत उतरतो हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली जगापुढे ठेवला. त्याच कॉखने १९०१ साली लंडनच्या परिषदेत सांगितलं, की गायीच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही. ब्रिटनने लगेच चौकशी आयोग नेमला, आणि दहा वर्षांच्या कामानंतर आयोगाचा निष्कर्ष कॉखच्या उलट आला: गायीचा क्षय माणसाला, विशेषतः मुलांना होतो. एवढा मोठा माणूस चुकला, तर आपल्या आज्या चुकल्या याचं वाईट वाटून घ्यायला नको. दूध खळखळून उकळलं की क्षयाचा जंतूही मरतो आणि ब्रुसेलाही. त्यात दुधाची ताकद जाते ही समजूत सोडून द्या. जे थोडं कमी होतं ते मुलीच्या बाकीच्या जेवणातून सहज भरून निघतं. आणखी एक. गायीला इंजेक्शनं चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस पुढे, ते दूध घरातही प्यायचं नाही आणि सोसायटीलाही घालायचं नाही. उकळून जंतू मरतो, औषध सगळं जात नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे येतो.

चार पानांचं पत्र आहे. गायींवर अडीच पानं, वासरावर एक. सासऱ्यांच्या खोकल्यावर एक ओळ, आणि तीही ‘ते नेहमीचंच’ म्हणून मिटवलेली. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत ते मशीन चालवत होते, हे तुम्ही दुसऱ्याच संदर्भात लिहिलं आहे. अलीकडे जेवण कमी झालं, सदरे सैल होतात, हे आणखी तिसरीकडे. या तिन्ही गोष्टी मी एकापुढे एक मांडल्या आणि मला माझ्या नोकरीतला एक दिवस आठवला.

फोंडा तालुक्यातल्या एका घरी गायीच्या खोकल्यासाठी मी तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा घरचा कर्ता दावं धरून उभा राहायचा आणि तिन्ही वेळा तो खोकत होता. मी गायीच्या छातीला नळी लावून ऐकत होतो. त्याचा आवाज मध्ये येतो म्हणून मी त्याला थोडं थांबायलाही सांगितलं. गाय बरी झाली. त्या माणसाला क्षय असल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं, तेही त्याचा धाकटा मुलगा इस्पितळात पोचल्यावर. माझ्या हातून काही गुन्हा घडला नव्हता. पण ‘भाऊ, तुझा खोकला किती दिवसांचा?’ एवढं मी विचारायला हवं होतं. ते आजवर मनातून गेलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारतो: सासऱ्यांचा खोकला किती दिवसांचा?

दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, हा आपल्या देशातला साधा नियम आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, तेव्हा हा नियम अतिसावध माणसांसाठी केलेला नाही. खाणीवर काम केलेल्याला तर तो दुप्पट लागू. दगडाच्या बारीक धुळीतली सिलिका फुफ्फुसात खोल जाऊन बसते. तिथे साफसफाई करणाऱ्या पेशी तिला गिळतात आणि मरतात. क्षयाचा जंतू एरवी ज्या पेशींनी अडवला जातो त्या ह्याच. धूळ बंद होऊन वर्षं लोटली तरी छाती तशीच राहते.

हा क्षयच आहे असं मी म्हणत नाही. विडीने जुनावलेली श्वासनळी असेल, नुसती धुळीची छाती असेल, दुसरंही काही असेल. पण क्षय असलाच, तर अडीच वर्षांच्या मुलीला गोठ्यातल्या तिन्ही-चारही गायींपेक्षा सोप्यावरच्या त्या खोकल्यापासून जास्त धोका आहे. लहान मुलांना क्षय बहुतेक वेळा घरातल्याच मोठ्या माणसाकडून मिळतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत तो लवकर पसरतो. गोठ्यातल्या जनावरांनाही तो माणसाकडून होऊ शकतो; माहुतांच्या सहवासात राहणाऱ्या पाळीव हत्तींनाही माणसाचा क्षय झालेला आढळला आहे. आपण नेहमी बाण जनावराकडून माणसाकडे काढतो. तो उलटाही जातो.

तपासणी अवघड नाही. आरोग्य केंद्रात थुंकी देतात, पैसे लागत नाहीत. ट्रूनॅट हे थुंकीतल्या जंतूची जनुकं शोधणारं छोटं यंत्र आपल्या गोव्यातल्याच मोलबायो कंपनीचं आहे, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. साधारण दोन तासांत ते उत्तर देतं. सोबत छातीचा एक्स-रे काढून घ्या, खाणीचं काम किती वर्षं केलं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि मुलीला नुकताच न्यूमोनिया झाला हेही सांगा. क्षय निघालाच तर साधारण सहा महिन्यांची औषधं फुकट मिळतात, जेवणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, आणि मुलीची तपासणी करून तिला प्रतिबंधक औषध देता येतं. औषध नेमाने घेतलं तर काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण करण्याची ताकद पुष्कळ उतरते.

इथे एक विनंती आहे. गायीवरचा संशय उचलून सासऱ्यांच्या अंगावर टाकू नका. शेजारणीला यातलं काही सांगायची गरज नाही. ज्या माणसाने उमेदीची वर्षं धुळीत घालवली आणि एका सकाळी खाण बंद म्हणून घरी आला, त्याला ‘तुमच्यामुळे पोर आजारी पडली’ हे वाक्य ऐकावं लागू नये. ‘बाबा, मुलीसाठी आपण सगळेच तपासून घेऊ’ असं म्हणा आणि खरंच सगळे जा. तुमच्या यजमानांनीच वडिलांना सोबत नेलं तर जास्त बरं. गायींपायी तापलेली त्यांची शक्ती त्या कामी लागेल. निकाल येईपर्यंत सासऱ्यांचं झोपणं सोप्यावरच, उघड्या हवेत असू दे, खोकताना तोंडावर रुमाल असू दे, आणि नातीला मांडीवर घेऊन झोपवणं थोडे दिवस थांबवा. कारण विचारलं तर खरं सांगा.

गायींचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे: आत्ता एकही विकू नका. नुकती खोकून उठलेली गाय पुन्हा टेम्पोत चढवली की तोच आजार उलटायची भीती, आणि तो दुसऱ्याच्या गोठ्यात पोचवण्याची जबाबदारीही आपलीच. चवथीच्या घाईत भाव पडून मिळेल. अनुदानावर घेतलेल्या गायी विकण्याला अटी असतात. कागद आधी नीट वाचा. दिवाळीनंतर, पाऊस सरल्यावर, शांतपणे ठरवा. गोठ्यात मावत नसतील इतक्या गायी असतील तर एखादी कमी करणं शहाणपणाचं, आणि तसं मी सासूबाईंनाही सांगेन. मुलगी वारंवार आजारी पडत राहिली आणि तिच्या डॉक्टरांनी गोठा दूर हवा असं सांगितलं, तर मात्र त्यांचं ऐका. मग गोठा मांगराकडे हलवायचा की गायी कमी करायच्या, एवढाच प्रश्न उरेल.

तोवर गोठ्यात एक करून बघा. सकाळी आत जाऊन वासरू बसतं त्या जागी, त्याच्या नाकाच्या उंचीवर, खाली बसा आणि श्वास घ्या. उभ्या माणसाला कळत नाही तो झणका तिथे डोळ्यांत पाणी आणतो. पाणी आलं तर मूत वाहून जायला उतार नाही, किंवा वारा बंद आहे. ताडपत्री जमिनीपासून नीट बांधा, पण वरचा हात-दीड हात भाग उघडा ठेवा. तिथे चुडतांचा आडोसा केला तर झड अडते आणि हवा खेळते. घराकडचा झरोका बुजवा. धुरीऐवजी गोठ्याला मच्छरदाणीचं कापड लावता येतं. पुढे कधी नवं जनावर आणलं तर तीन आठवडे वेगळं बांधा, त्याचं पाणी-दावण वेगळी, आणि रोज आधी आपल्या गुरांचं करून मग त्याचं. घटसर्पाची लस दर वर्षी पावसाआधी, आणि विकत घेण्याआधी तिकडेच टोचलेली असेल तर उत्तम. वासराचा ताप बघायला साधा थर्मामीटर पुरतो. १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला आणि ते दूध प्यायला उठलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

मुलीसाठी तुम्हाला एक मोजमाप देतो, ते स्वयंपाकघराच्या दाराला लिहून चिकटवा. ती शांत असताना, रडत नसताना, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर. (दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळांना हा आकडा ५०.) श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, काही पीत नसेल, झोपेतून जागी होत नसेल, झटका आला असेल, तर मोजत बसू नका, रात्र असली तरी निघा. आणि मागच्या वेळच्या उरलेल्या औषधाची बाटली कपाटात असेल तर ती टाकून द्या.

राहिल्या सासूबाई. त्या गायी जाणार म्हणून गप्प आहेत असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, इंजेक्शनं थांबवा असं कळवलं ते त्यांनीच, आणि हे त्या विसरू शकत नाहीत. वरून सगळे म्हणताहेत की त्याच वासराने नातीला मरणाच्या दारात नेलं. म्हणजे दोन्ही त्यांच्याच माथी. इंजेक्शनं थांबवली हे चुकलं, हे त्यांच्यापासून लपवू नका. जनावर उभं राहिलं म्हणजे छाती निवळली असं नसतं, आणि पुढच्या वासराच्या वेळी हे त्यांना ठाऊक असायला हवं. पण नातीच्या आजाराचा दोष त्यांचा नाही, हे त्यांना त्यांच्या मुलाने सांगू दे. तुमच्या तोंडून ते समजूत घातल्यासारखं वाटेल.

आणि मुलीचं दूध बंद करू नका. फक्त ते तापवायचं काम सासूबाईंकडेच द्या. चांगली उकळी येऊ दे, खाली उतरवून निवू दे, आणि पेला पूर्वीसारखा त्यांच्याच हातून नातीच्या हातात जाऊ दे.